कर्नलसाहेबांचा आवाज

"शांत असतोस तोवर तू कलेक्टर असतोस," लॉइड म्हणाला. "चिडलास की पोलंडला जातोस."

हातातले कागद त्याने वेताच्या खुर्चीवर टाकले. तोमाश व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभा होता. अंगात कलेक्टरचा कोट, हातात कलेक्टरची छडी. मघाशी तालमीत तो नोकरावर ओरडला होता आणि ओरडताना त्याचा 'र' खडखडला होता. ते मला ऐकू आलं, लॉइडला ऐकू आलं, आणि सगळ्यांत आधी त्याला स्वतःला.

लॉइड माझ्याकडे वळला. "मिसेस गुप्ते, बुधवारी नाश्त्याचा प्रसंग आहे. तेव्हाही हेच झालं, तर लंडनला गेल्यावर मी याचा आवाज काढून तिथल्या एखाद्या नटाचा घालीन. सबंध चित्रपटभर."

ही जानेवारी १९८४ची गोष्ट. जागा पाचगणीचा एक जुना बंगला. चित्रपट इंग्रजांच्या काळातला, दिग्दर्शक इंग्रज आणि कलेक्टर झालेला नट पोलिश. त्याला इंग्रजासारखं बोलायला शिकवायला नेमलेली बाई पुण्याची, म्हणजे मी. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि त्याआधी वर्षभर हैदराबादला राहून उच्चारशास्त्र शिकून आले होते. गुप्ते मंडळींना या नेमणुकीचं फार हसू आलं. हसू मलाही आलं होतं, पण माझ्या कानाचा मला गर्व होता. माणूस दोन वाक्यं बोलला की मी त्याचं गाव सांगत असे. पुढे जे झालं ते या गर्वापायीच झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

लॉइड गेल्यावर तोमाश खुर्चीत बसला. तो दोन वर्षांपूर्वी देश सोडून आला होता आणि परत जाण्याची सोय नव्हती. आम्ही इंग्रजीतच बोलत असू.

"चेहरा कुणाचाही चालतो," तो म्हणाला. "दहा वर्षं रंगभूमीवर मी आवाजावर जगलो. तोच काढून घेतला तर माझं काय उरलं?"

"अजून चार दिवस आहेत."

"रागवायचं कसं ते तुम्हीही मला शिकवू शकत नाही. तुम्ही रागावता तेव्हा तुमचं इंग्रजी पुण्याचं होतं."

हे खरं होतं आणि मला झोंबलं. पुस्तकात सगळे स्वर होते, राग नव्हता. पण राग कुठे सापडेल, ते मला ठाऊक होतं.

भागोजी पार्टे आठवड्यापूर्वी आपणहून बंगल्यावर आले होते. वय बहात्तर, धोतर पांढरं स्वच्छ, पाठ ताठ. राहायला जवळच्याच खेड्यात. १९३२ ते ४६ ते याच बंगल्यात कर्नल व्हिटकोंब नावाच्या साहेबाकडे बेअरर होते. आल्या आल्या त्यांनी टेबल मांडणाऱ्या माणसाला बाजूला सारून किटलीचा कान साहेबाच्या उजव्या हाताकडे फिरवला. मी सहज विचारलं, "कर्नलसाहेब सकाळी काय म्हणायचे हो?"

भागोजींनी ते म्हणून दाखवलं आणि मी दचकून मागे पाहिलं. मला वाटलं, लॉइडकडे कुणी पाहुणा आला. ओठ जेमतेम हलत होते, आवाज नाकाच्या मुळाशी, शब्दांच्या शेपट्या गिळलेल्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेला इंग्रज माझ्यासमोर धोतर नेसून उभा होता.

"साहेबांनी शिकवलं?"

"छ्या! इंग्रजी येणारा नोकर साहेब लोक ठेवतच नव्हते. घरातलं बोलणं कळतंय म्हणून. येतंय म्हनलं असतं तर फाटकातनंच माघारी घालवलं असतं." ते हसले. "चौदा वर्सं ऐकलं अन् गप ऱ्हायलो. मागं कोठीत पेले पुसताना एकटाच बोलून बगायचो, हळू आवाजात. साहेबाला कधी पत्ता लागला न्हाई."

तेव्हापासून ते रोज येत. मी कॅसेटवर त्यांचं बोलणं उतरवून घेई आणि तोमाश ते ऐकून गिरवी. भागोजी कर्नलचं हवापाण्याचं बोलत, कुत्र्यांशी बोलणं बोलत, विलायतेच्या पत्राची चौकशी बोलत. मधे मधे मराठीत कर्नलचे गोडवे. साहेबाने त्यांना मुलासारखं वागवलं. आजारपणात स्वतःची शाल त्यांच्या अंगावर घातली. जाताना रडला. ही शाल, हे रडणं सगळ्या गावाला पाठ होतं. गावात त्यांना मान होता तो याच गोष्टीचा. त्यांचा मुलगा जयसिंग गावातच प्राथमिक शाळेत मास्तर होता.

"मास्तर हाय, पन हातात छडी धरत न्हाई," भागोजी सांगत. "गावाला नवल वाटतं. पोरं त्याला भीतच न्हाईत."

त्या दिवशी मी भागोजींना म्हटलं, "साहेब रागावल्यावर कसे बोलत, तेवढं सांगा."

"रागावले न्हाईत कधी."

"चौदा वर्षांत एकदाही नाही?"

"लेकरावानी वागवलं म्हनून सांगतोय न्हवं मी?"

मी तिथे थांबायला हवं होतं. पण मला कोंडीत धरायची सवय होती, विद्यार्थ्यांना धरत असे तशी. मी त्यांना तोमाशची सगळी हकिगत सांगितली: देश सुटला, आई तिकडेच राहिली, आता आवाजही जाणार. भागोजी बराच वेळ बागेत बसलेल्या तोमाशकडे बघत राहिले. तो ओठ हलवत एकटाच वाक्यं घोकत होता.

"परमुलखात आलंय लेकरू," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "त्याला म्हनावं, वरडू नगंस. आमचा साहेब वरडायचा न्हाई. राग आला की आवाज चढायचा न्हाई, उतरायचा."

"म्हणजे कसा?"

यंत्र चालू होतं. भागोजींनी दोन्ही हात काखांत घालून घट्ट धरले. थंडी होती, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग ते बोलले. वाक्य साधं होतं: चमचा उजवीकडे ठेवायचा हे किती वेळा सांगायचं. आवाज खाली खाली गेला, शेवटचा शब्द तर नुसता श्वास होता. आणि लाज वाटते सांगायला, त्याच क्षणी मला आनंद झाला, कारण मला हवं ते मिळालं होतं.

"हे जयसिंगाच्या कानावर जायला नगं, बाई," भागोजी म्हणाले. "तोमाससाहेबाला तोंडानं सांगा. ह्यातलं पुसून टाका."

"पुसते हं."

"चहा घ्या बाई. गार व्हतोय."

मी पुसलं नाही. संध्याकाळी कॅसेट तोमाशच्या हातात ठेवली.

नाश्त्याच्या प्रसंगातला बेअरर कोण, हे ठरायचं होतं. साताऱ्याहून आणलेल्या मुलाला ट्रे धरता येईना. भागोजी मला म्हणाले, "मी येऊ का? जयसिंग अन् सूनबाईला बोलावतो. बाप साहेबाच्या घरात कसा वावरायचा ते एकदा डोळ्यांनी बगू द्या की."

त्या प्रसंगात कलेक्टर कुणाच्या आवाजात रागावणार, हे फक्त मला आणि तोमाशला ठाऊक होतं. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मला वाटलं, अहो, हा तर सिनेमा आहे, आणि समोर तोमाश आहे. शिवाय ट्रे खरोखर त्यांच्यासारखा कुणीच धरत नव्हतं. मी लॉइडला त्यांचं नाव सांगितलं.

बुधवारी सकाळी भागोजींना पांढरा अंगरखा, कमरेला पट्टा, डोक्यावर साफा चढवला. चित्रीकरणाच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे माझ्याशेजारी जयसिंग आणि त्याची बायको उभी होती. जयसिंग पंचेचाळिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. बायकोने नवं लुगडं नेसलं होतं आणि ती सासऱ्यांवरून नजर हलवत नव्हती.

मी भागोजींना सगळं समजावून सांगितलं. ट्रे आणायचा, समोर उभं राहायचं, साहेब थोडं रागवेल, मान खाली घालायची, ट्रे उचलून निघून जायचं.

"रागवू दे की," ते हसून म्हणाले. "गरीब मानूस हाय तोमाससाहेब."

तालमीत तोमाश अगदी हलक्या आवाजात बोलला. नट मंडळी खरा आवाज राखून ठेवतात, भागोजींना ते ठाऊक नव्हतं. सगळं सुरळीत झालं. सूनबाई माझ्या कानाशी कुजबुजली, "मामंजी किती ऐटीत चालत्यात!"

मग कॅमेरा सुरू झाला.

भागोजी ट्रे घेऊन आले. किटली हलली नाही, कपही वाजला नाही. तोमाशने ट्रेकडे पाहिलं, मान वर केली आणि बोलला.

मी तिथे शिक्षिका म्हणून उभी होते, म्हणून आधी शिक्षिकेसारखंच ऐकलं. एकही स्वर चुकला नाही. पोलंड नव्हतं, लंडनचा नटही नव्हता. आवाज उतरत गेला आणि शेवटचा शब्द नुसता श्वास झाला. व्हिटकोंब चाळीस वर्षांनी आपल्या टेबलाशी परत येऊन बसला होता.

भागोजींनी ट्रे टेबलावर ठेवला. मान खाली घातली नाही. अंगरख्याच्या बाह्या एक-एक करून मागे सारल्या, दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि डोळे मिटून घेतले.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कॅमेऱ्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बहात्तर वर्षांचा माणूस हात पसरून वाट बघत होता. हात थरथरत नव्हते, चांगले सरावाचे होते. तोमाशने आपल्या मांडीवरच्या छडीकडे पाहिलं. मग फार सावकाश ती उचलून किटलीपलीकडे ठेवून दिली, भागोजींच्या हातांपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी.

"कट!" लॉइड ओरडला. "अप्रतिम! हे त्याला सुचलं कसं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोमाश उठून थेट बागेत गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. टाळ्यांनी भागोजींनी डोळे उघडले. आपले पुढे आलेले हात त्यांनी पाहिले. मग दोरीकडे, मुलाकडे पाहिलं. असा भ्यालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. साहेबाच्या आवाजाला ते इतके भ्याले नव्हते.

जयसिंग दोरी ओलांडून पुढे गेला होता. तो वडिलांशी बोलला नाही, माझ्याकडे वळला. "बाई, हात पुढं करायला बाबांना कुणी सांगितलं?"

भागोजी माझ्याकडे बघत होते. शाल, रडणारा साहेब, लेकरासारखं वागवणं, चाळीस वर्षं गावात सांगितलेलं सगळं त्या प्रश्नावर लोंबकळत होतं. आणि ते तसं मी लोंबकळत ठेवलं होतं.

"मी," मी म्हटलं. "तसं लिहिलंय कागदात."

जयसिंगने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "अस्सं होय," तो म्हणाला आणि मग गरजेपेक्षा मोठ्या आवाजात, "झकास केलं की बाबा तुम्ही! खऱ्यासारखं वाटलं एकदम."

"मग? नट झालो म्हन की आता!" भागोजी हसले. हात त्यांनी अंगरख्यात घातले. सूनबाईने त्यांचा साफा नीट केला, आणि तिघे जेवायला गेले.

जाताना भागोजी माझ्यापाशी थांबले. "बाई, ते पुसलंत न्हवं?"

"पुसलं," मी म्हटलं. त्या दिवसातलं हे दुसरं खोटं. पहिल्याची मला कधी लाज वाटली नाही, याची अजून वाटते.

तोमाशने निघताना कॅसेट परत केली. चित्रपट पुढच्या वर्षी आला. हात पसरलेले भागोजी त्यात चार सेकंद दिसतात. तोमाशने मला लंडनच्या एका वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. हा नट इंग्रज नाही हे कानाला कळतच नाही, असं त्यात छापलं होतं. कडेला त्याने पेनाने लिहिलं होतं, "हा आवाज कुणाचा, ते आपल्या दोघांना ठाऊक आहे."

बारा वर्षांनी जयसिंग माझ्या पुण्याच्या घरी आला. केस पिकले होते, शाळेतून निवृत्त झाला होता. भागोजी दोन महिन्यांपूर्वी गेले होते.

"फोटो तीन आहेत," तो म्हणाला. "आवाज कुठंच नाही. तुम्ही तेव्हा उतरवून घेतला होता. असला तर ऐकायचा होता."

मी नाही म्हणू शकले असते. पण 'पुसलं' असं एकदा त्या घराशी खोटं बोलले होते, पुन्हा तसं बोलवेना. कपाटातून कॅसेट काढली आणि चहा ठेवला. यंत्रातून इंग्रजी सुरू झालं, हवापाणी, कुत्री, विलायतेचं पत्र. जयसिंग मान पुढे करून ऐकत होता.

"हा विटकम," तो म्हणाला. "लहानपणी बंगल्यामागं खेळायचो तेव्हा ऐकलाय. ह्यात बाबा कुठं आहेत?"

खरंच, बाबा फार थोडे होते. दोन वाक्यांच्या मधे एखादं "हां", एखादी खाकर, "बाई, ह्ये चालू हाय का?" तेवढं आलं की तो डोळे मिटी.

मग ते वाक्य आलं. मी बटणाकडे हात नेला, त्याने मानेने नको म्हटलं. आवाज उतरला, श्वास झाला. त्यामागोमाग भागोजींचं बोलणं: हे जयसिंगाच्या कानावर जायला नगं, बाई. आणि माझा, तेव्हाचा तरुण, सराईत आवाज: पुसते हं.

मी मान खाली घातली. स्वतःचा आवाज इतका परका मला कधी वाटला नव्हता.

"मी सात वर्षांचा होतो," जयसिंग म्हणाला. "बाबा बंगल्यावरनं आले की आई विटेचा तुकडा तापवायची, फडक्यात गुंडाळून त्यांचे हात शेकायची. बाबा म्हणायचे, भांडी घासून दुखत्यात. वळ दिसायचे, बाई. भांडी घासून वळ उठतात होय? मी एकदा विचारायला गेलो, तर आईनं गप्प केलं. म्हणाली, ते सांगत्यात तेच खरं धरायचं. तेवढंच त्यांचं स्वतःचं हाय."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून..."

"मला ठाऊक होतं. लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं. शालीची गोष्ट आम्ही हजार वेळा ऐकली असेल, दर वेळी पहिल्यांदा ऐकतोय अशी." तो किंचित हसला. "त्या दिवशी हात पुढं केले तेव्हा बाबांनी माझ्याकडं पाहिलं. वाटलं, संपलं. आता आम्हाला ठाऊक आहे, हे त्यांना कळणार. काहीतरी बोलायचं म्हणून तुम्हाला विचारलं, अन् तुम्ही 'मी सांगितलं' म्हणालात. माझा जीव भांड्यात पडला. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही."

"म्हणून तुम्ही शाळेत छडी..."

"हां," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

थोड्या वेळाने त्याने कॅसेटकडे बोट केलं. "त्यांनी सांगितलं होतं तेवढं आता पुसून टाका, बाई. मग मला द्या."

त्या यंत्रात पुसायचं म्हणजे वर दुसरं काही भरायचं, नुसतं पुसता येत नसे. मी फीत मागे घेतली, जागा धरली आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. आम्ही दोघे न बोलता बसलो. व्हिटकोंबचं वाक्य गेलं, भागोजींची विनवणी गेली, मी दिलेला शब्दही गेला. जयसिंगने मधेच कप बशीत ठेवला, त्याचा आवाज झाला आणि तोही आत गेला. मी बटण सोडलं.

मग नीट झालं का पाहायला आम्ही ते ऐकलं. विलायतेच्या पत्राचं बोलणं संपलं, त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही. बशीत कप टेकल्याचा आवाज. आणि मग भागोजी, त्यांच्या स्वतःच्या आवाजात:

"चहा घ्या बाई. गार व्हतोय."